स्लॅब सायझिंग प्रेस: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हॉट स्ट्रिप मिलमध्ये (गरम स्लॅब लाटून पत्र्याची कॉइल काढणारी मिल) नवीन लागलेली मुलं, डिप्लोमा-डिग्रीचे विद्यार्थी आणि कधीकधी कास्टरकडची (वितळलेलं स्टील ओतून स्लॅब बनवणाऱ्या यंत्राकडची) मंडळीसुद्धा या मशीनबद्दल तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाच इथे लिहून ठेवतोय. क्रम फार काटेकोर नाहीये. पण एक गोष्ट वाचताना डोक्यात ठेवा, स्लॅब किती मिलिमीटर दाबला हा प्रश्न सोपा आहे, खरा प्रश्न असतो की बाजूने दाबलेलं स्टील गेलं कुठे. बाकी जवळजवळ सगळी उत्तरं त्यातूनच निघतात.

हे मशीन नक्की करतं काय?

लालबुंद तापलेला स्टीलचा स्लॅब दोन्ही बाजूंनी दाबून त्याची रुंदी कमी करतं. स्लॅब साधारण २०० ते २५० मिमी जाड, १० मीटरच्या आसपास लांब, वजन २०-३० टन, आणि तापमान १२०० डिग्री सेल्सिअसच्या आगेमागे. डावीकडे एक डाय (दाबणारा स्टीलचा ठोकळा), उजवीकडे एक डाय, दोन्ही एकाच वेळी आत येतात, दाबतात, मागे जातात, स्लॅब थोडा पुढे सरकतो, परत दाबतात. असं डोक्यापासून शेपटीपर्यंत. मोठ्या प्रेसमध्ये एका फेरीत एकूण ३५० मिमीपर्यंत रुंदी कमी होते, म्हणजे प्रत्येक बाजूने १७५.

लाइनमध्ये ते बसतं कुठे?

रीहीटिंग फर्नेसच्या (स्लॅब तापवायच्या भट्टीच्या) पुढे आणि रफिंग मिलच्या (स्लॅब आडव्या रोलखाली पातळ करायला सुरुवात करणाऱ्या मिलच्या) आधी. फर्नेसमधून स्लॅब बाहेर आला की आधी डिस्केलर, म्हणजे जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने वरची पापडी उडवायची, मग प्रेस, मग रफिंग. पापडी न काढता दाबलं तर ती डाय आणि स्लॅबच्या मध्ये चेपली जाते आणि खालच्या खड्ड्यात ढीग होतो तो वेगळाच. डिस्केलर करूनसुद्धा प्रेसखाली बरीच पापडी पडते, दाबताना काठाची साल सुटते ना.

मग कास्टरवरच हव्या त्या रुंदीचा स्लॅब का ओतत नाहीत?

ओततात की, पण महागात पडतं. ऑर्डरी येतात दहा प्रकारच्या रुंदीच्या, आज ९५०, उद्या १२४०, मध्येच १०८०. कास्टरच्या मोल्डची रुंदी चालू कास्टिंगमध्ये बदलता येते पण ती हळूहळू बदलावी लागते, आणि बदल चालू असताना जो स्लॅब बाहेर येतो तो एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला अरुंद असतो. तो टेपर स्लॅब कुठल्या ऑर्डरला लावायचा ही प्लॅनिंगवाल्यांची कायमची डोकेदुखी. शिवाय अरुंद स्लॅब ओतला की त्याच वेगाने कास्टर चालवूनही टन कमी निघतात, कारण आडवा छेदच लहान.

प्रेस असेल तर कास्टर मोजक्या चार-पाच रुंदीच ओततो, जमेल तितक्या मोठ्या, आणि मधल्या सगळ्या रुंदी प्रेस काढून देते. अजून एक फायदा म्हणजे गरम स्लॅब थेट फर्नेसमध्ये चढवायचा असेल तर कास्टर आणि मिल यांचा क्रम जुळावा लागतो, आणि रुंदीचं बंधन सैल झालं की तो क्रम जुळवणं खूप सोपं जातं. म्हणून माझं मत असं की ही प्रेस उभी मिलमध्ये असली तरी तिचा खरा हिशोब कास्टरच्या खात्यात मांडायला पाहिजे. मिलवाले तिच्या मेंटेनन्सच्या नावाने बोंब मारतात आणि फायदा दुसऱ्याच डिपार्टमेंटला दिसतो, त्यामुळे मीटिंगमध्ये भांडणं ठरलेली.

प्रेस यायच्या आधी काय करायचे?

इनगॉटच्या (साच्यात ओतून गोठवलेल्या स्टीलच्या मोठ्या ठोकळ्याच्या) जमान्यात हा प्रश्नच नव्हता, स्लॅबिंग मिलमध्ये इनगॉटमधूनच पाहिजे त्या रुंदीचा स्लॅब काढायचे, तिथे मोठे उभे रोल असायचेच. १९७० च्या दशकानंतर कंटिन्युअस कास्टिंग पसरलं, इनगॉट आणि स्लॅबिंग मिल मागे पडल्या, आणि रुंदी ठरवायची ताकद मोल्डकडे गेली. मग सुरुवातीला जाड उभ्या रोलच्या एजरने, काही ठिकाणी पुढे-मागे पास देऊन, रुंदी कमी करायचा प्रयत्न झाला. प्रेसचा मार्ग जपानमध्ये १९८० च्या दशकात रुजला आणि तिथून जगभर गेला.

एजर आहे की, मग एवढी मोठी प्रेस कशाला?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आणि याचं उत्तर नीट समजलं तर बाकीचं आपोआप समजतं.

एजर म्हणजे दोन उभे रोल, स्लॅब मधून जातो आणि काठ दाबले जातात. आता समजा रोलचा व्यास १२०० मिमी आहे आणि प्रत्येक बाजूने २५ मिमी दाबलं. रोल आणि स्लॅब यांचा संपर्क किती लांबीवर होतो? त्रिज्या गुणिले एका बाजूने दाबलेले मिलिमीटर याचं वर्गमूळ, म्हणजे ६०० गुणिले २५, १५,००० चं वर्गमूळ, साधारण १२२ मिमी. स्लॅब दीड मीटर रुंद आणि संपर्क फक्त १२ सेंटिमीटरचा. एवढ्या छोट्या पट्ट्यावर दाब दिला की तो आत पोचतच नाही, मधल्या स्टीलला कळतही नाही बाजूला काय चाललंय. मग काठाजवळचं स्टील जाणार कुठे, ते तिथेच वर आणि खाली फुगतं. समोरून बघितलं तर स्लॅबचा आकार हाडासारखा दिसतो, दोन्ही टोकं जाड आणि मध्ये बारीक, म्हणून त्याला डॉग-बोन म्हणतात.

आणि खरी गंमत पुढच्या स्टँडला, म्हणजे रोलच्या पुढच्या संचाला. आडव्या रोलखाली हा स्लॅब गेला की ते फुगलेले काठ आधी चेपले जातात आणि स्टील परत बाजूला पसरतं. म्हणजे एजरने मेहनत करून जी रुंदी कमी केली त्यातला मोठा हिस्सा आडव्या रोलने परत दिला. मग परत एजर, परत आडवा पास. भरपूर रुंदी कमी करायची म्हणजे पासच पास, आणि तोवर स्लॅब थंड होतोय.

प्रेसची डाय सपाट असते आणि आत येणाऱ्या बाजूला तिला उतार दिलेला असतो. उतार १२ डिग्रीचा धरला आणि बाजूने १७५ मिमी दाबायचंय असं धरलं तर नुसत्या उतारावरचा संपर्क ८०० मिमीच्या वर जातो, सपाट भाग वेगळाच. आता १२२ आणि ८०० ची तुलना करा. एवढ्या लांब पट्ट्यावरून दाब आला की तो स्लॅबच्या मध्यापर्यंत पोचतो, स्टील फक्त काठाला न फुगता पूर्ण रुंदीत थोडं थोडं जाड होतं, आणि पुढच्या आडव्या पासला परत पसरणं खूपच कमी होतं.

दुसरं म्हणजे पकड. रोलला स्लॅब घर्षणाने आत ओढावा लागतो, एकाच पासात फार दाबायला गेलात तर रोल स्लॅब धरतच नाही, घसरतो. प्रेसमध्ये ही भानगडच नाही, डाय येते आणि दाबते.

म्हणजे प्रेसमध्ये डॉग-बोन येतच नाही?

येतो, पण बुटका आणि पसरट. स्लॅब जितका जास्त रुंद आणि दाब जितका कमी तितका फुगवटा काठाकडे राहतो. थोडक्यात ५० मिमी दाबायला प्रेस वापरली तर तिची खरी कमाल दिसत नाही.

३५० मिमी एकाच दणक्यात दाबते का?

नाही, हा गैरसमज बऱ्याच जणांचा असतो. स्लॅब एका स्ट्रोकला साधारण ४०० मिमी पुढे सरकतो. उतार १२ डिग्रीचा असेल तर ४०० मिमी सरकल्यावर बाजूने साधारण ८५ मिमी दाब पडतो. म्हणजे १७५ मिमीसाठी स्लॅबचा प्रत्येक भाग उताराखालून जाता जाता दोन-तीन स्ट्रोक खातो आणि शेवटी सपाट भागाखाली त्याची रुंदी पक्की होते. बाहेरून बघणाऱ्याला मात्र वाटतं की एका टोकाने रुंद स्लॅब गेला आणि दुसऱ्या टोकाने अरुंद आला.

वेळेचा हिशोब पण यातूनच निघतो. १० मीटरचा स्लॅब म्हणजे २५ स्ट्रोक, मिनिटाला ५० स्ट्रोक धरले तर अर्धा मिनिट. त्यात स्लॅब मध्यावर आणणं, डोकं नीट लावणं हे धरा. मिलच्या गतीला प्रेस अडथळा होऊ नये एवढंच बघायचं असतं, आणि चांगली चालणारी प्रेस सहसा होत नाही.

दाबल्यावर जाडी किती वाढते? लांबी वाढते का?

स्टील नाहीसं होत नाही, एवढं धरून हिशोब करा. २३० मिमी जाड आणि १५५० रुंद स्लॅब १२०० वर आणला आणि लांबी अजिबात वाढली नाही असं मानलं तर सरासरी जाडी २९७ मिमी व्हायला पाहिजे. प्रत्यक्षात लांबी थोडी वाढतेच त्यामुळे जाडी त्याच्या खाली राहते. पण रफिंगच्या पहिल्या स्टँडचा सेटअप करताना ही वाढलेली जाडी धरली नाही तर पहिल्याच पासला लोड उसळतो. सगळं काम कंप्युटरचं मॉडेल करतं हे खरं, पण मॉडेलला हे माहीत आहे का ते बघणं माणसाचं काम.

स्टार्ट-स्टॉप आणि फ्लाइंग यात फरक काय?

स्टार्ट-स्टॉपमध्ये दाबताना स्लॅब थांबलेला असतो, डाय मागे गेली की पिंच रोल (स्लॅब पकडणारे रोल) आणि खालचं रोलरचं टेबल त्याला पुढे ढकलतात, परत थांबवतात. मशीन साधं, पण विचार करा, २५-३० टनाचं धूड दर स्ट्रोकला पळवायचं आणि थांबवायचं, टेबलच्या गिअरबॉक्स आणि कपलिंगला ते सोसावं लागतं.

फ्लाइंगमध्ये स्लॅब चालतच राहतो आणि दाबायच्या क्षणी डाय त्याच्याच वेगाने त्याच्याबरोबर पुढे जातात, सुटल्यावर मागे येऊन पुढचा घास घेतात. ४०० मिमी आणि मिनिटाला ५० स्ट्रोक म्हणजे स्लॅबचा वेग सेकंदाला साधारण ३३० मिमी, तेवढ्याच वेगाने डायनेही जायचं. हालचाल मऊ, वेग चांगला, पण मेकॅनिझम गुंतागुंतीचं, आणि वेग जुळला नाही तर डाय काठावर घासते आणि काठ ओरबाडला जातो. कुठलं चांगलं असं विचारलं तर उत्पादन जास्त असेल तिथे फ्लाइंग, पण मेंटेनन्सची टीम तयार असेल तरच.

एवढा जोर येतो कुठून?

मोठ्या प्रेसचा दाब २२ मेगान्यूटनच्या घरात असतो, बोली भाषेत २२०० टन. १२०० डिग्रीला स्टील मऊ असतं, थंड स्टीलच्या तुलनेत फारच मऊ, पण संपर्काचं क्षेत्र एवढं मोठं आहे की एकूण जोर तिथे जातोच. मोठी मोटर, गिअरबॉक्स, त्यातून फिरणारा क्रँक किंवा एक्सेंट्रिक शाफ्ट, त्यावरून मागे-पुढे होणारा स्लायडर आणि स्लायडरच्या तोंडावर डाय. डायमधलं अंतर कमी-जास्त करायला जाड स्क्रू असतात, स्लॅब बदलला की ते आधी सेट होतात. ओव्हरलोडसाठी संरक्षण वेगळं, आणि ते कुणी बायपास करून ठेवलं असेल तर त्याच्याशी तुम्ही स्वतः भांडा.

डोकं आणि शेपटी एवढी महत्त्वाची का?

कारण पैसा तिथे कापला जातो. एजरने जोरात दाबलं की काठाचं स्टील लांबीत पुढे जातं आणि मधलं मागे राहतं, टोकाला माशाच्या शेपटीसारखी खाच पडते. आडव्या रोलिंगने मधला भाग पुढे येतो, जीभ निघाल्यासारखा. दोन्ही थोडेफार एकमेकांना काटतात पण नेमके कधीच नाही, आणि जे उरतं ते क्रॉप शिअरवर कापून स्क्रॅपमध्ये जातं.

प्रेसचा फायदा म्हणजे टोकाचा थोडा भाग आधी वेगळा दाबून घेता येतो, म्हणजे पुढे रोलिंगमध्ये जे विकृत होणार आहे त्याच्या उलटा आकार आधीच देऊन ठेवायचा. किती फरक पडतो याचा अंदाज हवा असेल तर १२०० रुंद आणि ३०० जाड टोकावर फक्त ४० मिमी लांबी वाचली तरी एका टोकाला १०० किलोच्या वर स्टील वाचतं. दिवसाला किती स्लॅब जातात ते तुम्हाला माहीत, गुणाकार करा. टोकाच्या सेटिंगला लोक हात लावायला घाबरतात, एकदा कमिशनिंगला जे ठेवलं तेच वर्षानुवर्षं, आणि माझ्या मते सगळ्यात सोपा पैसा तिथेच पडून असतो.

स्लॅब मध्येच वर उचलला जात नाही का?

जातो, पातळ आणि रुंद असेल तर नक्की. पत्त्याला दोन्ही काठांनी दाबलं की तो मध्ये फुगतो तसंच. म्हणून प्रेसमध्ये वरून दाबून धरणारे रोल असतात. ते नीट खाली येत नसतील किंवा मध्यावर नसतील तर स्लॅब कमानीसारखा होतो आणि पुढच्या स्टँडमध्ये शिरताना तमाशा. डावी-उजवी बाजू सारखी गरम नसेल किंवा स्लॅब एका बाजूला सरकलेला असेल तर केळ्यासारखा वाकडा निघतो, त्यासाठी आधीची सेंटरिंग गाइड आणि फर्नेसचं तापमान दोन्ही तपासा. सगळा दोष प्रेसवर ढकलू नका.

डाय तडकतात का?

तडकणारच. गरम स्लॅबला चिकटली की पृष्ठभाग तापतो, मागे आली की पाणी पडतं, मिनिटाला ५० वेळा. असं तापणं-निवणं चालू राहिलं की वर बारीक जाळीसारख्या भेगा पडतात, मग त्या खोल होतात, मग त्यांचा ठसा स्लॅबच्या काठावर उमटायला लागतो. डाय हॉट-वर्क टूल स्टीलच्या असतात, तरी हे थांबत नाही, लांबवता येतं. पाण्याचे नोझल बुजलेले नाहीत ना हे दर शटडाऊनला बघा, एका बाजूचं पाणी कमी असेल तर त्या बाजूची डाय आधी जाते. आणि बदलताना स्लायडरला मेकॅनिकल लॉक पिन लावल्याशिवाय, हायड्रॉलिकचं प्रेशर सोडल्याशिवाय कुणीही आत जायचं नाही. मोटर बंद आहे म्हणजे क्रँक फिरणार नाही असं नसतं.

सेट केली १२००, मिळाली वेगळीच, असं का?

तीन-चार कारणं. एक, आपण बोलतो थंड रुंदी आणि मोजतो गरम. १२०० डिग्रीला स्टील दीड टक्क्याच्या आसपास फुगलेलं असतं, १५०० च्या स्लॅबला २०-२५ मिमीचा फरक. कुठला आकडा थंड आणि कुठला गरम हे स्क्रीनवर नीट लिहिलेलं नसेल तर घोळ होणारच. दोन, दाबताना प्रेसची फ्रेमसुद्धा ताणली जाते आणि डाय थोड्या बाहेर सरकतात, कडक ग्रेडला जास्त. तीन, डाय झिजलेली असते पण झिरो (मोजणीची सुरुवातीची जागा) परत घेतलेला नसतो. चौथं म्हणजे प्रेसनंतरच्या आडव्या पासमध्ये होणारं पसरणं, ते प्रेसच्या माथी मारलं जातं.

मग प्रेस बसवली की एजर काढून टाकायचे?

अजिबात नाही. प्रेस मोठा घास घेते, बारीक काम एजरचंच. रफिंगजवळचे एजर पसरलेली रुंदी आवरतात, लांबीभर रुंदी सारखी ठेवतात, आणि टोकाला ते थोडे उघडून चालवतात कारण टोकाचं स्टील परत पसरत नाही आणि पट्टी तिथे अरुंद राहते. प्रेसकडून अंतिम रुंदीची टॉलरन्स मागणं म्हणजे चुकीच्या मशीनकडे मागणं.

सगळे ग्रेड चालतात का?

साधं लो-कार्बन आरामात. स्टेनलेस आणि काही हाय-स्ट्रेंथ ग्रेडला जोर जास्त लागतो, तेवढा दाब कमी घ्यावा लागतो. कास्टिंगमधून कोपऱ्याला आडव्या भेगा घेऊन आलेला स्लॅब असेल तर प्रेस त्या बऱ्या करत नाही. आणखी एक कटकट म्हणजे काठाजवळच्या रेघा. रुंदी जास्त दाबली की पुढच्या रोलिंगमध्ये स्लॅबच्या बाजूचा पृष्ठभाग आणि कोपरा वळून वरच्या तोंडावर येतो, आणि कॉइलच्या काठापासून थोडं आत एक लांब बारीक रेघ दिसते. कोपरा पटकन थंड होतो हे त्यामागचं मोठं कारण, म्हणून काही ठिकाणी कोपरे तासलेले स्लॅब किंवा वेगळ्या आकाराच्या डाय वापरतात. ग्राहक बाजूची किती कड कापणार आहे ते आधी विचारा, कधीकधी ती रेघ त्यातच निघून जाते.

स्लॅब प्रेसमध्ये अडकला तर?

डाय उघडा, टेबल मागे घ्या, आणि वेळ बघा. थोडा वेळ गेलेला असेल तर परत दाबायचा मोह टाळा. थंड झालेल्या स्लॅबला लागणारा जोर झपाट्याने वाढतो आणि त्या एका स्लॅबसाठी स्क्रू किंवा बेअरिंगचं काम निघालं तर कितीतरी शिफ्ट जातील. सरळ बाहेर काढा, परत फर्नेसला जाईल नाहीतर स्क्रॅप होईल.

ही मशीन बनवतं कोण?

जर्मनीची एसएमएस, जपानच्या आयएचआय आणि हिताची ही जुनी नावं. जपानी बाजूचा धंदा नंतर विलीनीकरणं होत होत २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रायमेटल्सपर्यंत आला, त्यामुळे जुन्या प्रेसच्या ड्रॉइंगवर एक नाव आणि स्पेअरच्या कोटेशनवर दुसरं दिसलं तर गोंधळू नका.

उलटं करता येतं का, म्हणजे स्लॅब रुंद?

या मशीनने नाही.

थिन स्लॅबच्या प्लांटमध्ये ही प्रेस का दिसत नाही?

तिथे स्लॅब ५० ते ९० मिमीचा. एवढ्या पातळ स्लॅबला बाजूने ३०० मिमी दाबायला गेलात तर तो दाबला जाणारच नाही, वर उचलला जाईल, आणि वरचे रोल किती धरून ठेवणार. शिवाय तिथे स्लॅब कास्टरमधून टनेल फर्नेसमधून थेट मिलमध्ये जातो, मध्ये प्रेसला जागाही नाही. त्यामुळे तिथे रुंदी मोल्डमध्येच बदलतात, आणि टेपरचा भाग जो येईल तो सोसतात.